राब, इर्जिक आणि गोगलगाय

वैशाखात नसरापूरवरून वेल्ह्याकडे वळावे किंवा भोरहून वरंधा घाटाच्या वाटेला लागावे, डोंगरउतारावरच्या वाड्यांभोवती जमिनीचे काळे चौकोन दिसू लागतात. एखाद्यातून अजून धूर निघत असतो. शेणाच्या गोवऱ्या, वाळका पालापाचोळा, गवत आणि छाटलेल्या फांद्या थरांनी रचायच्या, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून सगळे सावकाश धुमसू द्यायचे, अशी ही रीत. या भागात तिला तरवे भाजणे म्हणतात, ठाण्या-कोकणाकडे राब. रोहिणी नक्षत्राच्या सुमारास या भाजलेल्या मातीत भाताचे बी धूळवाफेवर पडते, पावसाबरोबर तरवा वर येतो आणि आषाढात तो उपटून खाचरात लावला जातो.

विष न वापरता गोगलगाय कशी आवरायची, या प्रश्नाचे मावळातले उत्तर शोधायचे तर सुरुवात या काळ्या चौकोनापासून करावी लागते. गोगलगाय अंडी घालते ती ओलसर, भुसभुशीत मातीत, वरच्या दोन-चार इंचांत. पाऊस सरला की ती स्वतः पालापाचोळ्याखाली, दगडांच्या सांदीत किंवा बांधाच्या कपारीत शंखाचे तोंड बंद करून निपचित पडते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. तरवे भाजताना नेमका हाच पालापाचोळा गोळा होतो आणि नेमका हाच मातीचा थर तापतो. शेतकरी हे गोगलगायीवर डोळा ठेवून करत नव्हता. तणाचे बी मरावे, माती मोकळी व्हावी, रोप जोमाने यावे आणि उपटताना मुळासकट सुटावे, हे त्याचे हेतू. गोगलगाय, अळी आणि किड्यांची अंडी यांचा बंदोबस्त त्याच खर्चात होत असे.

इंग्रज अधिकाऱ्यांपैकी अनेकांना राब म्हणजे लाकडाची आणि शेणाची नासाडी वाटे. १८७८च्या जंगल कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फांद्या तोडण्यावर बंधने आली. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबासाठी लागणारा पाला कोणी, कुठून आणि किती तोडायचा, हा त्या वादातला एक कळीचा प्रश्न होता. हिंदुस्थानातल्या शेतीची पाहणी करायला आलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. भोरची गोष्ट थोडी निराळी. तिथे पंत सचिवांचे संस्थान होते, ते १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. पण खाचर, वरकस जमीन आणि राबाचा पाला यांचे गणित घाटमाथ्यावर संस्थानात आणि खालसा मुलखात सारखेच होते.

१९१२ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर सविस्तर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राखेतून खत मिळते हे सर्वांना ठाऊक होते. त्यापलीकडे मातीला लागणाऱ्या आचेचे स्वतःचे काही काम आहे का, हा प्रश्न आता प्रयोगशाळेत तपासला जात होता. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथेही माती तापवून तिच्यातल्या सूक्ष्म जिवांवर काय परिणाम होतो याचे प्रयोग चालले होते. मावळातल्या शेतकऱ्याची जुनी रीत आणि त्या काळचे नवे मृदाशास्त्र एकाच मुद्द्यावर येऊन थांबले होते.

राबाची एक बाजू मात्र सहज नजरेतून सुटते, ती क्षेत्रफळाची. एक हेक्टर भात लावायला साधारण दहा गुंठे रोपवाटिका लागते. गोगलगाय, नाकतोडा किंवा कुठलीही पाने कुरतडणारी कीड सर्वांत जास्त नुकसान करते ते पीक बोटभर उंचीचे असताना. एका रात्रीत दोन-तीन पाने गेली तर मोठे रोप सावरते, नुकते उगवलेले सावरत नाही. भातशेतीत हा नाजूक काळ शेताच्या दहाव्या हिश्श्यात, बहुधा घराजवळ, भाजून स्वच्छ केलेल्या जागेत जातो. रोप खाचरात पोचते तेव्हा ते दणकट झालेले असते आणि भोवती पाणी उभे असते. जमिनीवरची गोगलगाय त्या पाण्यात उतरत नाही. तिला राहायला उरतो तो बांध.

दुसरा बंदोबस्त उन्हाळ्याचा. भोर आणि वेल्ह्याच्या पश्चिमेला पाऊस धोधो कोसळतो, पण दिवाळीनंतर खाचरे उघडी पडतात आणि माघ-फाल्गुनापर्यंत भेगाळतात. चार-पाच महिने ओलावा नाही, हिरवा कोंब नाही. शिवाय घाटमाथ्याची लाल माती पावसाने धुतलेली, आम्लधर्मी आणि चुन्याला गरीब. गोगलगायीला शंख बांधायला चुना लागतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो तिला सहज मिळतो, इथे मिळत नाही. भोरच्या पाण्याने मात्र पूर्वेकडे वेगळीच जमीन घडवली. वेळवंडी नदीवर भाटघरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले आणि १९२०च्या दशकाच्या शेवटी त्याच्या जागी मोठे लॉइड धरण उभे राहिले. वेळवंड खोऱ्यातली खाचरे पाण्याखाली गेली आणि ते पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे उसाला पोचले. जिथे बारमाही ओल असते, तिथे उन्हाळा गोगलगायीला मारू शकत नाही. तिथे हे काम माणसाला करावे लागते.

आणि बांधावरच्या शत्रूशी रात्री, हाताने लढण्याची सवय या भागाला पूर्वीपासून होती. फक्त तो शत्रू वेगळा होता. भाताच्या खाचराला गोगलगायीपेक्षा जास्त धास्ती खेकड्याची. तो बांधात बीळ करतो, बिळातून पाणी निघून जाते आणि भरलेले खाचर सकाळी रिकामे दिसते. कोवळी रोपेही तो बुडाशी कापतो. त्यावर जुना उपाय एकच. मृगाच्या दमदार सरी पडल्या की अंधार झाल्यावर बत्ती, पोते आणि पोरे घेऊन ओढ्याकाठी आणि बांधावर जायचे, खेकडे धरायचे आणि रश्शात घालायचे. कीडनियंत्रण आणि जेवण एकाच फेरीत. खेकड्यांच्या बिळाचा धसका किती खोल आहे, याचा एक विचित्र पुरावा अलीकडचाच. २ जुलै २०१९ रोजी रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा त्या वेळचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण पुढे केले. राज्यभर त्यांची टिंगल झाली. मातीच्या धरणाच्या बाबतीत ते कारण कोणाला पटले नाही, पण हातभर रुंदीच्या बांधाबाबत कोणताही मावळी शेतकरी ते मान्य करील. गंमत अशी की गोड्या पाण्यातले खेकडे गोगलगायीही खातात. एकाला सरसकट विष घालावे तर दुसरी मोकळी सुटते.

उंदरांच्या बाबतीतही हेच. भोर, वेल्हे आणि मुळशीच्या डोंगराळ पट्ट्यात राहणारे कातकरी भाताच्या बांधातली उंदरांची बिळे ओळखण्यात आणि खणून काढण्यात वाकबगार. बिळाचे तोंड कुठे, मागची वाट कुठे, धान्याचा साठा किती खोल, हे त्यांना मातीवरून कळते. मिळालेले धान्य आणि उंदीर हीच त्यांची मजुरी. शेतीच्या पुस्तकांनी या कौशल्याला क्वचितच कीडनियंत्रण म्हटले, तरी शेतकऱ्याला त्याचा उपयोग नेमका तोच होता.

या सगळ्या कामांना एक अट होती. एकट्याने ती पुरी होत नाहीत. खेकडा आणि गोगलगाय सातबारा वाचत नाहीत. एकाने बांध साफ केला आणि शेजाऱ्याने नाही, तर दोन रात्रींत सारे पुन्हा पहिल्यासारखे. मावळात त्यासाठी वेगळी संस्था काढावी लागली नाही. ज्याचे काम अडले त्याने सांगावा धाडायचा, गावाने औते आणि हात घेऊन यायचे, मजुरी द्यायची नाही, पोटभर जेवण घालायचे, ही इर्जिकीची पद्धत होती. लावणीच्या दिवसांत आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, अशी सावड चाले. जुन्नर-आंबेगावकडे बांध घालण्याच्या अशाच सामाईक कामाला पडकई म्हणतात. पावसाच्या तोंडाला बांध झोडपणे, गवत काढणे, बिळे बुजवणे ही कामे सगळ्या शिवारात आठ-पंधरा दिवसांच्या आत एकदमच होत. गोगलगायीला लपायला बांध उरत नसे. हा परिणाम कोणी ठरवून साधला नव्हता, पण एकत्र काम करण्याच्या रीतीतून तो आपोआप मिळत होता.

राज्यकर्त्यांनाही हे तत्त्व ठाऊक होते. पुणे आणि मावळची उजाड जमीन सतराव्या शतकाच्या मध्याला पुन्हा लागवडीस आली, तेव्हाच्या दादोजी कोंडदेव यांच्या कारभाराचे वर्णन करताना बखरी दोन गोष्टी आवर्जून सांगतात. नव्याने नांगर धरणाऱ्याला सुरुवातीला नाममात्र सारा, आणि लांडगे मारून आणणाऱ्याला इनाम. लांडगा आणि गोगलगाय यांत साम्य काही नाही. पण उपद्रवी जिवाचा बंदोबस्त हा एकेका कुळाचा खासगी प्रश्न नसून मुलखाचा आहे आणि तो माणसांच्या हातांनी, मोबदला देऊन करून घ्यायचा, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

मावळाची ही घडी ज्या गोगलगायीशी कधी गाठ पडण्यासाठी बसवलेली नव्हती, ती समुद्रापलीकडून आली. पूर्व आफ्रिकेतली शंखी गोगलगाय, वीतभर लांब वाढणारी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर पोचलेली होती. विल्यम हेन्री बेन्सन हा बंगालमधला सनदी अधिकारी शंखशिंपल्यांचा नादिष्ट अभ्यासक. १८४७ मध्ये त्याने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या. पुढचे काम त्यांनीच केले. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते, कित्येक वर्षे जगते आणि पाचशेहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाते. बंगाल, ओडिशा, केरळ करत ती पसरली. श्रीलंकेत ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोचली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याबरोबर ती प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेली. अल्बर्ट मीड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला १९६१ मध्ये केवळ तिच्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहावा लागला.

महाराष्ट्राला तिचा खरा दणका बसला तो २०२२च्या पावसाळ्यात. लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीन नुकते उगवले होते. रात्री गोगलगायी बाहेर पडत आणि सकाळी ओळीच्या ओळी गायब दिसत. अनेकांना दुबार, काहींना तिबार पेरणी करावी लागली. शेवटी राज्य सरकारने या नुकसानीची भरपाई देण्याचा निर्णय घेतला. भाताच्या रोपवाटिकेशी तुलना केली की मराठवाड्याची अडचण लगेच कळते. सोयाबीन सगळ्या शेतावर एकदम पेरले जाते. बोटभर रोपांचा नाजूक काळ दहा गुंठ्यांत नव्हे, पसरलेल्या शेकडो एकरांत एकाच आठवड्यात येतो. जमीन चुनखडीची, बांध गवताने भरलेले, विहिरी-ठिबकामुळे कुठे ना कुठे ओल. राखायचे ते सारे शिवारच, आणि राखणारे हात मात्र प्रत्येकाचे वेगळे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने त्या वेळी शेतकऱ्यांना जे सल्ले दिले, त्यातले बरेचसे आजीच्या काळातही समजले असते. संध्याकाळी किंवा सूर्योदयापूर्वी गोगलगायी हाताने वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे किंवा गवताचे ढीग शेतात ठेवावेत, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा कराव्यात. बांधाला लागून चार इंचांचा चुन्याचा पट्टा ओढावा. आणि हे सगळे गावाने मिळून करावे. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची होती आणि पाळायला सर्वांत अवघडही.

विषाचा मार्ग अर्थातच होता. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या. या रसायनाची कुंडली मजेदार आहे. ते आधी छोट्या स्टोव्हसाठी घन इंधन म्हणून विकले जाई. १९३०च्या दशकात ते गोगलगायींना मारते हे लक्षात आले आणि पुढे जगभरातल्या बागा-शेतांत त्याच्या गोळ्या पडू लागल्या. पण त्या गोळ्यांना कुत्री, पक्षी आणि साळिंदरासारखे दिसणारे युरोपातले छोटे काटेरी प्राणीही बळी पडतात. ब्रिटनने मार्च २०२२ अखेर उघड्यावर मेटाल्डिहाइड वापरायला बंदी केली. म्हणजे ज्या उन्हाळ्यात ब्रिटिश माळी आपल्या फडताळातल्या उरलेल्या गोळ्यांची विल्हेवाट लावत होता, त्यानंतरच्या पावसाळ्यात मराठवाड्यात त्याच गोळ्यांची शिफारस होत होती. मोठ्या उद्रेकात शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण पाणी झिरपून थेट धरणात जाते अशा वेल्ह्याच्या उतारांवर तोच उपाय उचलण्याआधी दहादा विचार करावा.

नैसर्गिक म्हटले की सगळे निर्धोक, असेही नाही. शंखी गोगलगायीला खाण्यासाठी दुसरी मांसाहारी गोगलगाय आणावी, अशी कल्पना विसाव्या शतकात फार लोकप्रिय झाली. फ्लोरिडाकडची गुलाबी शंखाची शिकारी गोगलगाय १९५५ मध्ये हवाई बेटांवर सोडली गेली आणि १९७७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर. तिने मोठ्या आफ्रिकी गोगलगायीकडे फारसे लक्ष दिले नाही. मोरेआवरच्या पार्टुला नावाच्या चिमुकल्या स्थानिक गोगलगायी मात्र दहा वर्षांच्या आत जंगलातून नाहीशा केल्या. त्यांच्या काही जाती केवळ प्राणिसंग्रहालयांत पाळल्यामुळे वाचल्या. याउलट जपानमध्ये ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ पासून भातखाचरात बदके सोडण्याची जी पद्धत रुजवली, तिने काहीही बिघडले नाही. बदके किडे, तण आणि गोगलगायी खातात, चिखल ढवळतात आणि संध्याकाळी घरी परततात. फरक हा की बदकाला परत बोलावता येते.

भोर-वेल्ह्याला बाहेरून शिकारी आणायची गरजही नाही. मे महिन्याच्या शेवटी राजगड-तोरण्याच्या पायथ्याला शहरातून गाड्या भरून लोक काजवे पाहायला येतात. झाडावर लुकलुकणारा काजवा हा त्या जिवाच्या आयुष्यातला शेवटचा, थोड्या दिवसांचा अंक. त्याआधी अनेक महिने त्याची अळी पालापाचोळ्यात राहते आणि तिचा मुख्य आहार गोगलगायी. अळी गोगलगायीला चावून बधिर करते आणि शंखाच्या आतच पचवून खाते. श्रीलंकेत एका मोठ्या जातीच्या काजव्याच्या अळ्या खुद्द आफ्रिकी शंखी गोगलगायी फस्त करताना नोंदल्या गेल्या आहेत. भारद्वाज झुडपात चालत चालत गोगलगाय उचलतो आणि शंख फोडून खातो. पाणथळीत मुग्धबलाक आहे. त्याच्या चोचीत मधोमध फट असते आणि शंखशिंपल्यातला जीव बाहेर ओढायला ती चोच सोयीची. भिगवणच्या पाणवठ्यावर तो हमखास दिसतो.

शिवाय सगळ्या गोगलगायी उपद्रवी नाहीत. सह्याद्रीत नैसर्गिकपणे राहणाऱ्या जातींपैकी बहुतेक कुजका पाला आणि शेवाळ खातात आणि कोणाच्या पिकाकडे फिरकत नाहीत. एका जातीचा शंख तर नेहमीच्या उजवीकडे न वळता डावीकडे वळतो. त्यांचे घर म्हणजे देवराया. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यात पानशेतच्या खोऱ्यातल्या रायांचाही समावेश होता. विषारी गोळी परकी आणि देशी असा भेद करत नाही. देवराईच्या कडेला गोळ्या टाकल्या तर आधी मरतील त्या आपल्याच गोगलगायी, आणि त्यांच्यामागे उपाशी राहतील काजव्यांच्या अळ्या.

परसबागेतल्या घरगुती उपायांचा हिशेबही एकदा मांडायला हवा. चुलीतली राख भाजीभोवती टाकायची पद्धत घरोघर होती. कोरडी राख गोगलगायीच्या अंगाचा चिकट ओलावा शोषते, म्हणून ती थांबते. मात्र एका सरीत राख वाहून जाते आणि गोगलगाय बाहेर पडते ती सरीनंतरच. चुन्याचेही तसेच. मिठाने गोगलगाय मरते, पण मातीत मीठ साठले तर झाडही जाते. म्हणून मीठ बादलीत, वाफ्यात नाही. अंड्याच्या कवचांबद्दल जगभर बोलले जाते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये कवचे, तांब्याची पट्टी, खडी, सालीचा भुगा आणि लोकरीचे गोळे असे पाच अडथळे तपासले. एकानेही नुकसान कमी झाले नाही. सकाळचे पाणी घालणे मात्र खरोखर उपयोगी पडते. संध्याकाळी भिजवलेला वाफा गोगलगायीला रात्रभर रस्ता मोकळा करून देतो, सकाळी भिजवलेला वाफा अंधार पडेपर्यंत वरून सुकतो.

आरोग्याचा मुद्दा यात भर घालतो. शंखी गोगलगायीच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातला एक जंत असू शकतो. तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. म्हणून गोगलगायी उघड्या हाताने उचलू नयेत आणि पावसाळ्यात पालेभाजी नीट धुतल्याशिवाय कच्ची खाऊ नये. पाण्यातल्या गोगलगायींमुळे गाई-म्हशींना यकृतातल्या चपट्या कृमींचा त्रास होतो. दलदलीच्या कडेचा चारा टाळा, असे जनावरांचे डॉक्टर सांगतात ते त्यासाठीच. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात तर १९५०च्या दशकात पाण्यातल्या गोगलगायीमार्फत माणसाला होणारा रक्तकृमीचा रोग आढळला होता आणि भारतातला तो अपवादात्मक नमुना म्हणून वैद्यकशास्त्रात आजही उल्लेखला जातो.

आज वेल्ह्याचे सरकारी नाव राजगड तालुका झाले आहे आणि मावळाची जुनी घडीही बदलली आहे. तरुण पुणे-मुंबईकडे किंवा शिवापूर-शिरवळच्या कारखान्यांत. इर्जिकीला बोलवायला बैलही कमी आणि माणसेही. राबावर टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे. दरवर्षी झाडे ओरबाडून जंगल टिकत नाही. कृषी खात्याने पुढे आणलेल्या, डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात आणि फांद्या तोडून जाळण्याऐवजी गिरिपुष्पाचा पाला जमिनीत गाडतात. राखेतली सिलिका रोपाला काटक बनवते. राबातले उपयोगाचे तेवढे ठेवून जाळपोळ टाळण्याचा हा शहाणा प्रयत्न आहे. पण त्यात मातीला आच लागत नाही, म्हणजे गोगलगायीच्या अंड्यांचा हिशेब वेगळा करावा लागणार.

आणि तो करण्याची वेळ येऊ शकते. शंखी गोगलगाय स्वतःच्या पायाने फार लांब जात नाही. ती कुंडीच्या तळाला चिकटून, शेणखतातून, मातीच्या ट्रकमधून, विटांच्या थप्पीतून प्रवास करते. पानशेत, वेल्हे आणि भाटघरच्या काठाने फार्महाऊस उभी राहत आहेत, त्यांच्या बागांना रोपे शहरातल्या रोपवाटिकांतून येतात, आणि त्या बागांना बारा महिने पाणी असते. उन्हाळ्यात सुकणाऱ्या डोंगराला नसलेली ओल तिथे तयार मिळते. मराठवाड्यात जे शिवारात घडले, ते मावळात आधी कुंपणाच्या आत घडेल.

म्हणून काही साध्या गोष्टी आताच कराव्यात. बाहेरून आणलेली प्रत्येक कुंडी उलटी करून तळ पाहावा, माती मोकळी करून साबुदाण्याएवढ्या पांढरट-पिवळ्या अंड्यांचा घोस दिसतो का तपासावे. वीतभर लांबीची तपकिरी, उभ्या पट्ट्यांच्या शंखाची गोगलगाय दिसली तर फोटो काढून कृषी सहायकाला दाखवावी आणि ती तिथेच नष्ट करावी, ओढ्यात किंवा रस्त्यावर फेकू नये. मृगाच्या पहिल्या दोन आठवड्यांत वाडीतल्या प्रत्येक घराने एकाच संध्याकाळी बाहेर पडावे, फार्महाऊसच्या राखणदारालाही बरोबर घ्यावे. बॅटरी, हातमोजे, झाकणाची बादली आणि साबणाचे पाणी एवढे पुरते. ज्याच्या बांधावर सर्वांत जास्त सापडतील त्याने इर्जिकीच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना जेवू घालावे.